पाचव्या फर्म्यातला काटोलवाला

“थांबा! थांबा म्हणते ना जी! तो काटोलवाला कुठी गेला?”

वहिनी ओरडल्या, आणि हे ओरडणं साधं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या कुकरने घाबरून वेळेआधी शिट्टी दिली. समोरच्या झाडावरचे बगळे उडाले ते थेट फुटाळ्याच्या तलावावर जाऊन बसले, आणि माझ्या अंदाजाने अजून तिथेच आहेत. मी हातातलं पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“कोणता काटोलवाला?” मी विचारलं. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात मी पुष्कळ भाबडे चेहरे केले. हा त्यातला सर्वांत वाईट जमला. वहिनींना तो दिसला नाही, एवढंच काय ते नशीब.

“कोणता म्हणजे? संत्र्याचा व्यापारी! पाचव्या फर्म्यात येते तो. पाचवा फर्मा संपत आला तुमचा, न् त्याचा अजून पत्ता नाई. पानं गाळून राहिले तुम्ही.”

“नाही हो वहिनी. एकेक शब्द वाचला.”

“मग काहून आला नाई तो?”

हे ‘काहून’ मी सत्तेचाळीस वर्षं टाळत आलो होतो. फार कौशल्याने टाळलं होतं. ते असं एका साध्या बुधवारी, हिंगणा रोडवरच्या तिसऱ्या मजल्यावर, चहाचा कप अर्धा असताना समोर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. दादा जाऊन पावणेदोन वर्षं झाली. वहिनींच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. आता त्यांना उजेड कळतो, माणसाचा आकार कळतो, अक्षर मात्र कळत नाही. दादा होता तोवर तो त्यांना रोज सकाळी पेपर वाचून दाखवी, छोट्या जाहिरातींसकट. तो गेला आणि घर एकदम मुकं झालं. मुलगा हैदराबादला; त्याने आईसाठी भिंतीएवढा टीव्ही पाठवला. न दिसणाऱ्या बाईला एवढा मोठा टीव्ही कशाला, असं विचारायची माझी फार इच्छा होती, पण तो मुलगा रडला असता.

मी हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये जन्म काढून निवृत्त झालेला माणूस. रोज चार वाजता स्कूटर काढतो आणि वहिनींकडे चहाला जातो. एका दिवशी त्या म्हणाल्या, “भाऊजी, त्या टीव्हीवर जुनं काही लावा ना. आपण सगळे मिळून पाहायचो ते. मी आयकते.”

तर सुरुवात झाली त्या अंतराळवाल्या मालिकेपासून. आमच्या घरी पहिला टीव्ही आला तेव्हा रविवारी सकाळी ती लागायची. त्या वेळी अख्ख्या गल्लीत चिटपाखरू नसे. चोरांनी ठरवलं असतं तर त्या अर्ध्या तासात अख्खा महाल भाग उचलून नेला असता, पण चोरही आमच्याच खोलीत बसलेले असत. माझ्या आठवणीतलं ते यान सीताबर्डीच्या किल्ल्याएवढं होतं आणि परग्रहावरचा राजा ताडाएवढा.

लावून पाहिलं. यान म्हणजे गिझरची टाकी होती. तिला चार टॉर्च बांधले होते आणि एक तर विझलेला होता. परग्रहाचा राजा डोक्यावर स्टीलचं पातेलं घालून उभा, आणि पातेल्याची कडी कानाजवळ लटकत होती.

“काय चालू आहे जी?” वहिनींनी विचारलं. “यान आलं का?”

“आलं,” मी म्हणालो. “काय सांगू वहिनी, किल्ल्याएवढं! खालची झाडं आडवी झाली त्याच्या वाऱ्याने!”

“हो,” त्या समाधानाने म्हणाल्या, “एवढंच होतं ते.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “यान उतरलं का यायचा, तुमच्या दादाचा, चहा थंड व्हायचा. दर खेपी. मी तो परत गरम करू करू थकायची.”

मालिकेचे तेरा भाग आम्ही असेच काढले. वहिनी ऐकत, मी सांगत, आणि गिझरची टाकी रोज थोडी थोडी मोठी होत गेली. त्यानंतर भुताचा एक सिनेमा झाला. तो मी सतरा वर्षांचा असताना महालाजवळच्या थेटरात लागला होता. आता मोबाइलवर फुकट दिसतो. त्यातली पांढऱ्या साडीतली म्हातारी कपाटातून निघते तो प्रसंग येऊ लागला तशी मी हळूच खुर्ची मागे सरकवली.

“तुम्ही हा थेटरात पाह्यला होता ना?” वहिनींनी विचारलं.

“तीनदा,” मी म्हणालो.

त्याचा उत्तरार्ध मी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा पाहिला. ते का, हे पुढे येईलच.

सिनेमा संपल्यावर वहिनी म्हणाल्या, “टीव्ही झाला, पिच्चर झाला. आता मले ते पुस्तक वाचून दाखवा. खुनाचं. शेवटलं वाचलं होतं आपण घरात, ते. पण दोन गोष्टी. पहिल्या फर्म्यापासून शेवटल्यापर्यंत ओळीनं वाचायचं, मी सगळीच उलटी वाचली तेव्हा. आन् तुमच्या पदरचं एक अक्षर घालायचं नाई. तुमची सवय मले माहीत आहे.”

हे फर्म्याचं प्रकरण समजून घेतल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दादा महालातल्या एका बाइंडिंगखान्यात कामाला होता. शाळांची पुस्तकं, दुकानांच्या वह्या, असली शिलाई दिवसभर. त्याच्या बोटांना मैद्याच्या खळीचा आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात टाकलेल्या मोरचुदाचा वास कायमचा बसला होता. साबणाने जात नसे. पुस्तक म्हणजे सोळा सोळा पानांचे गठ्ठे एकाला एक शिवलेले, आणि अशा एका गठ्ठ्याला म्हणायचं फर्मा. हे ज्ञान आमच्या घरात रामरक्षेच्या आधी दिलं जाई.

गल्लीच्या तोंडाशी एक लायब्ररी होती. घरटी एक पुस्तक, दोन दिवसांत परत. आणि आम्ही माणसं सहा: बाबा, आई, दादा, वहिनी, ताई आणि मी. त्यात उन्हाळा. नागपूरचा मे महिना ज्याने पाहिला नाही त्याला मी काय सांगू! आमच्या अंगणात वाळत घातलेला पापड तळूनच परत येई. सकाळी दहानंतर बाहेर पडणं म्हणजे मरण, घरात कुलरसमोर बसायचं आणि वाचायचं. वाचायची तर खुनाची कादंबरी. तिच्यातला गुप्तहेर नेहमी मुंबईचा, धुक्यात ओव्हरकोट घालून फिरणारा. त्याला एकदा मे महिन्यात इतवारीत आणून सोडावा, अशी बाबांची इच्छा होती. खुन्याची गरजच पडली नसती.

एक पुस्तक, सहा माणसं आणि दोन दिवस. यावर दादाने तोड काढली. पुस्तक आलं की तो पहिल्या दुपारी मांडी घालून बसायचा, कव्हर हलक्या हाताने सोडवायचा, शिलाईचा दोरा काढायचा आणि पुस्तकाचे आठ फर्मे सुटे करायचा. मग पहिला फर्मा बाबांना. त्यांचा झाला की आईला, तोवर बाबांना दुसरा. असे फर्मे घरभर फिरत. तिसऱ्या दिवशी पहाटे दादा सगळे गोळा करून पुन्हा शिवायचा, आणि असा शिवायचा की मूळ शिलाई लाजावी. इतर घरांतून लायब्ररीची पुस्तकं आजारी होऊन परतत. आमच्या घरातून ती बरी होऊन जात. लायब्ररीवाला दादाला एकदा म्हणाला, “तुमच्या घरी पुस्तक राहिलं की टवटवीत होते जी. काय खाऊ घालता?”

या रांगेत वहिनी शेवटच्या. लग्नाला वर्ष झालेलं, स्वयंपाक त्यांच्याकडे, भांडी त्यांच्याकडे. हात रिकामे होतील तेव्हा जो फर्मा रिकामा असेल तो त्यांचा. आणि रिकामा कोणता असायचा? शेवटचा. बाकीचे अजून तिथवर पोचलेलेच नसत. म्हणून वहिनी आधी आठवा वाचत, मग सातवा, मग सहावा. खुनी कोण हे घरात त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं, मेलं कोण हे मात्र सगळ्यांच्या नंतर.

ज्याला खुनी कळला त्याने गप्प बसायचं, हा घरचा कायदा. ओळखू यावं म्हणून दादा त्याच्या मनगटाला शिलाईचा दोरा बांधी. दोरा बांधलेल्या माणसाशी पुस्तकाबद्दल बोलायला बंदी. वहिनी दोरा बांधलेल्या हाताने पोळ्या लाटत आणि स्वतःशीच हसत.

“काय झालं वं?” ताई विचारी.

“काही नाई. भाऊच निघाला तो.”

“कोणाचा भाऊ?”

“ते मले कुठी माहीत! तिसऱ्या फर्म्यात असन.”

आणि दादा हातातलं काम टाकून हसायचा. तो असा हसायचा की मागच्या बोळातल्या म्हशी दूध द्यायच्या थांबायच्या. ते हसू ऐकायला आज मी काय वाटेल ते देईन, पण राहू द्या.

आता त्या शेवटच्या पुस्तकाचं.

त्या वेळी माझी बारावी होऊन गेली होती. पाचवा फर्मा माझ्या वाट्याला आला आणि मी त्याची दोन पानं वाचली. मग मित्राने हाक मारली: भुताचा सिनेमा, बाराचा खेळ. फर्मा मी शर्टाच्या आत खोचला, म्हटलं मध्यंतरात वाचू. थेटरात पंखे एवढे हळू फिरत की त्यांच्या पात्यांवर कोळी सुखाने नांदत होते. मी फर्मा काढला आणि वारा घेऊ लागलो. तेवढ्यात ती पांढऱ्या साडीतली म्हातारी कपाटातून निघाली.

त्यानंतरचं मला एकदम रस्त्यावरचं आठवतं. मी पळालो होतो. मध्यंतराच्या पुष्कळ आधी. एक चप्पल पायात, एक आत. आणि फर्मा खुर्चीवर.

दारावरचा माणूस परत आत सोडीना, आणि खरं सांगायचं तर त्याने सोडलं असतं तरी मी गेलो नसतो. समोरच्या कडुनिंबाखाली खेळ सुटेपर्यंत उभा राहिलो. मित्राने चप्पल आणून दिली आणि पुढची चाळीस वर्षं मला त्यावरून छळलं. आत शिरलो तोवर झाडझूड झाली होती. शेंगांच्या टरफलांचा ढीग मी हाताने उपसला. तिकिटांचे तुकडे मिळाले, केसांची पिन मिळाली, फर्मा नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे दादा फर्मे जुळवायला बसला. एक, दोन, तीन, चार, सहा. त्याने पुन्हा पाहिले. मग विचारलं, “पाचवा कोणाकडे?”

आणि मी म्हणालो, “मी वाचून वहिनींकडे दिला.”

जन्मात मी थापा किती मारल्या याची मोजदाद नाही. मी वाघ पाहिला आहे, वाघाने मला पाहिलं आहे, आणि एकदा तर वाघाने माझ्याकडे रस्ता विचारला आहे. पण त्या सगळ्यांत ही सर्वांत लहान. चार शब्द. त्यातही एक ‘मी’.

वहिनी मोरीतून आल्या. हात ओले. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मी काही म्हटलं म्हणजे ते खरं असणार, असं वाटण्याएवढ्या त्या घरात नव्या होत्या. म्हणाल्या, “दिला असन. फडताळावर ठेवला असन मी.”

फडताळ उपसलं. डबे उपसले. चुलीतली राख आईने चाळणीने चाळली. दादा रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता हसला, नेहमीचं नाही, जरासं. म्हणाला, “हिच्या हाती कागद नाही द्यायचा.”

लायब्ररीत जाऊन त्याने सात फर्म्यांचं पुस्तक ठेवलं आणि खरं ते सांगितलं, म्हणजे त्याच्या समजुतीने खरं. लायब्ररीवाला चांगला माणूस, त्याने दंडही मागितला नाही. पण दादाला कारागीर म्हणून ते लागलं. दुसऱ्याचं पुस्तक उसवायचं त्याने त्या दिवशी सोडलं. पुढे अख्खं पुस्तक घरात येई, आधी बाबा, मग दादा, मग ताई, आणि दोन दिवस संपत. वहिनींपर्यंत ते कधी पोचलंच नाही. त्या पुस्तकानंतर त्यांनी खुनाचं एकही पुस्तक वाचलं नाही.

“भाऊजी,” त्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या. आई झोपली होती, त्या तांदूळ निवडत होत्या. “तुम्ही तर वाचला ना पाचवा? बाकी सगळं झालं माझं. तेवढाच राहिला. सांगा ना काय होतं त्यात.”

मी दोन पानं वाचली होती. उरलेली चौदा मी तीन दुपारी सांगितली.

कादंबरी मुंबईच्या एका श्रीमंत घरातली. म्हाताऱ्या मालकाला कॉफीतून विष दिलं जातं आणि कॉफी नेलेली असते सुनेने. सगळं घर तिच्याकडे बोट दाखवतं. माझ्या पाचव्या फर्म्यात त्या घराच्या दारात काटोलचा एक संत्र्याचा व्यापारी येऊन उभा राहतो. गुलाबी फेटा, एका पायातला जोडा कुरकुरणारा, डोक्यावर टोपली. संत्र्याचा नुसता वास घेऊन ते कोणत्या विहिरीच्या पाण्यावर वाढलं हे सांगणारा माणूस.

“मे महिन्यात संत्री?” वहिनींनी विचारलं.

“कादंबरीत हिवाळा आहे.”

“हां. मग?”

मग तो व्यापारी कॉफीच्या कपाचा वास घेतो, सुनेकडे पाहतो आणि भर दिवाणखान्यात, वकील-पोलिसांसमोर म्हणतो, “या बाईनं काही केलं नाही. मले पुरावा नको.”

वहिनींचा हात तांदळात थांबला. “असं म्हणते?”

“असंच. छापलंय तसं.”

“‘पुरावा नको’ म्हणते?”

“जोडा कुरकुरवत निघून जातो. पुन्हा येत नाही.”

मला वाटलं, झालं. भरून निघालं. सतराव्या वर्षी असं वाटू शकतं.

पण तो गेला कुठे? तो आमच्या घरात राहिला. पुढे कोणी वहिनींना काही बोललं की त्या म्हणत, “तो काटोलवाला पाहिजे होता इथं.” एका लग्नाला आम्ही सगळे काटोलला गेलो तर बाई फळबाजारात गुलाबी फेटे निरखत फिरल्या. दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, “हा काटोलवाला कोण आहे बे? माझ्यापेक्षा चांगला दिसते का?” मी म्हणालो, “पुस्तकातला आहे.” त्यात खोटं काहीच नव्हतं, फक्त पुस्तक कोणतं ते सांगितलं नाही.

आणि दुसरीकडे दादाचं ते वाक्य. तेही घरात राहिलं. रेशनकार्ड दादाकडे. मुलाची गुणपत्रिका दादाकडे. वहिनींच्या हाती घरच्या चाव्या चालत, दागिने चालत, कागद नाही. दादा चेष्टेनेच म्हणे, आणि त्या चेष्टेनेच घेत. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात नर्स एक फॉर्म घेऊन आली आणि तिने तो वहिनींपुढे धरला. दादाने तोंडावरचा मास्क बोटाने उचलला आणि म्हणाला, “हिला नका देऊ. हरवते.” नर्स हसली, वहिनी हसल्या. मी लिफ्ट कुठे आहे ते पाहायला बाहेर गेलो. लिफ्ट समोरच होती.

तर आता ते पुस्तक वहिनींना हवं होतं, ओळीनं आणि माझ्या पदरचं काही न घालता.

मी शोधायला लागलो ते मनात देवाला विनवत की सापडू नको. महिनाभर रद्दीवाले धुंडाळले. दर दुकानात मालकाने “नाही” म्हटलं की मी त्याला चहा पाजत होतो. आणि मग सीताबर्डीवर एका फुटपाथवाल्याच्या ढिगात, दिवाळी अंकांच्या खाली, झुरळांच्या वासाचं, कव्हराचा कोपरा खाल्लेलं, ते होतं. उघडून पाहिलं. आठही फर्मे. ते न्यायला लागू नये म्हणून मी अर्धा तास भाव करत उभा राहिलो. शेवटी त्यानेच कंटाळून हातात कोंबलं.

पहिला फर्मा वाचला. दुसरा, तिसरा. वहिनी पाय वर घेऊन बसत, मान जरा कलती करत. “हां, हां, म्हणून तो आठव्यात असं बोलला!” त्या टाळी वाजवत. सत्तेचाळीस वर्षांनी त्यांना गोष्ट सुलटी ऐकायला मिळत होती: आधी मेलं कोण, मग मारलं कोणी. चौथा मी होईल तितका हळू वाचला. काटोलवाल्याला आत घुसवणं मला काय अवघड होतं? त्यांना पान दिसत नव्हतं. गिझरच्या टाकीला किल्ला करणारा माणूस मी. पण त्या म्हणाल्या होत्या, एक अक्षर घालायचं नाही. आणि मला असं वाटलं, आता तुम्ही हसाल, की एकदा तरी या बाईसमोर जे आहे ते वाचावं.

वाचलं. पाचव्या फर्म्यात काय होतं माहीत आहे? रेल्वेचं वेळापत्रक. गुप्तहेर सोळा पानं टेबलाशी बसून कल्याणची गाडी किती वाजता सुटली असेल आणि कर्जतला किती वाजता पोचली असेल ते ताडून पाहतो. खुर्चीतून उठतही नाही. एवढ्यासाठी राख चाळली होती आईने.

आणि म्हणून वहिनी ओरडल्या.

“नवी आवृत्ती असेल,” मी म्हणालो. “कापलं असेल त्यांनी.”

“जुनी प्रत आहे म्हणाले ना तुम्ही? झुरळाचा वास तर मले इथपर्यंत येऊन राहिला.”

“मग सहाव्यात येत असेल तो.”

“सहावा मी वाचला होता जी. आठवा, सातवा, सहावा, मग पहिल्यापासून चार. सगळं पाठ आहे मले. सहाव्यात तो नाई.”

“मग विसरलो असेन. दुसऱ्या एखाद्या पुस्तकातला...”

“‘मले पुरावा नको’,” वहिनी म्हणाल्या. “असं दुसऱ्या कोण्या पुस्तकात असते का?”

खाली कोणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती, किक वर किक बसत होत्या.

वहिनींचा आवाज उतरला. “जाऊ द्या. तुमची काही चूक नाई. फर्मा माझ्याच हातून गेला, म्हणून आता भेटून नाई राहिला तो. चुलीत गेला असन. किती आठवून पाह्यलं मी, भाऊजी. मले दिसते बी. तुम्ही मोरीपाशी येता, फर्मा देता, न् माझे हात ओले. ‘तिकडं ठेवा’ म्हणाले असते तर! पण मी हातात घेतला. ओल्या हातात.”

त्यांना ते दिसत होतं. जे झालंच नव्हतं ते, ओल्या हातांसकट.

मी सांगायला सुरुवात केली. सवयीने आधी म्हातारीपासून, कपाटापासून, पंख्यावरच्या कोळ्यांपासून. म्हटलं, हसतील, मग सोपं जाईल. त्या हसल्या नाहीत. मग माझी गाडी आपोआप हळू झाली. मी पळालो ते सांगितलं. एका पायातली चप्पल सांगितली. कडुनिंब सांगितला, टरफलांचा ढीग सांगितला. काटोलवाला तीन दुपारी मी कसा केला ते सांगितलं, त्याच्या जोड्याच्या कुरकुरीसकट. शेवटी उरलं ते एवढंच होतं.

“तुमच्या हातात मी काही दिलं नव्हतं, वहिनी. मी दादाला खोटं सांगितलं.”

वहिनींनी टेबलावर हाताने चाचपून कप शोधला, तोंडाला लावला. रिकामा होता. तो त्यांनी बशीत नीट बसवला.

“मले सांगून काय होते आता,” त्या म्हणाल्या. “त्यायले सांगायचं होतं.”